वीस हजार रुपये, अठरा मुलं, आणि नेमका कोणता कोर्स घेऊ?

पत्र थोडक्यात असं आहे. नाव, गाव, शाळा गाळलंय.

"मी एका अनुदानित हायस्कूलमध्ये क्रीडाशिक्षिका आहे. बीपीएड केलंय, स्वतः खो-खो खेळले, ॲथलेटिक्स कधीच केलं नाही. चार वर्षांपासून सकाळी साडेपाचला अठरा मुलामुलींचा सराव घेते. मैदान मातीचं, दोनशे मीटरचा ट्रॅक आम्हीच फक्कीने आखतो. माझी एक मुलगी ८०० मीटर पळते, तेराव्या वर्षी तिने २:४१ लावलं होतं, आता पंधरा पूर्ण झाली, उंचीला माझ्याही वर गेली, पण टायमिंग २:४७ झालंय. हल्ली लवकर दमते, जिना चढून वरच्या मजल्यावरच्या वर्गात जाईपर्यंतही तिला धाप लागते. मला वाटतं मीच कमी पडतेय, मला शास्त्रशुद्ध काही येत नाही. पदरचे वीस हजार बाजूला काढलेत. एक ऑनलाइन कोर्स आहे साडेअठरा हजारांचा, सर्टिफिकेटसकट. शिवाय पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोच घडवणारा सहा आठवड्यांचा कोर्स करावा असंही मनात आहे. एका मुलाचे वडील नॉर्वेच्या धावपटूंचा प्लॅन मोबाइलवर घेऊन आले, म्हणाले मॅडम तुम्ही हे का घेत नाही. यूट्यूबवर तर रोज वेगळंच सांगतात. मुख्याध्यापकांना यंदा जिल्ह्याला मेडल हवंय. कशावर पैसे घालू?"

ताई, पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर थांबलो. तुम्ही ती जाता जाता लिहिलीय, वरच्या मजल्यावरच्या वर्गात जाईपर्यंत धाप लागते. कोर्सचं, प्लॅनचं सगळं नंतर बोलू. आधी या मुलीच्या घरच्यांशी बोला आणि तिला याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या, तिथे पैसे लागत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं होतं, म्हणजे दोघींतली एक तर नक्कीच. या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं तर त्याला ॲनिमिया म्हणतात. आणि ८०० मीटर ही अशी रेस आहे की तिच्यातली निम्म्याहून जास्त ताकद श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनवर येते, तो ऑक्सिजन वाहून नेणारं रक्तच कमी असेल तर तुम्ही जगातला सगळ्यात भारी प्लॅन आणून दिला तरी ती पोरगी शेवटच्या दोनशेला बसणारच. रिपोर्ट कमी आला तर गोळ्या किती, किती दिवस ते डॉक्टर ठरवतील. तुमचं काम म्हणजे शाळेत आठवड्याला येणारी ती लोहाची निळी गोळी तिच्या खरंच पोटात जातेय का ते बघणं, आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नको म्हणून सांगणं, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. आणि पाळीबद्दल विचारा, तुम्ही बाई आहात, तुम्हाला ती सांगेल, मला कधीच कुठल्या मुलीने मोकळेपणी सांगितलं नाही आणि त्यामुळे माझ्या हातून काही मुलींकडे दुर्लक्ष झालं हे मला आजही लागतं.

रिपोर्ट चांगला आला तर डॉक्टरांनाच धापेचं पुढे काय बघायचं ते विचारा, अंदाज करत बसू नका.

आता दुसरी ओळ, उंचीला माझ्याही वर गेली. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते, मुलांची चौदाच्या आसपास, पण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, कुणाचं दोन वर्षं मागे कुणाचं पुढे. हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून येतात, वजन वाढतं, पाय कुठे पडतोय याचा अंदाजच बदलतो. त्या काळात टायमिंग पडणं हे तुमच्या कोचिंगचं अपयश असेलच असं नाही, बऱ्याचदा ते नुसतं वाढणं असतं. तुमच्या स्टोअररूमच्या दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी प्रत्येकाची उंची पेन्सिलने मारा, शेजारी तारीख. रेघांमधलं अंतर एकदम वाढलेलं दिसलं की त्या मुलाच्या उड्या कमी करायच्या, टाइम ट्रायल कमी घ्यायच्या, धावण्याचे ड्रिल पुन्हा पहिल्यापासून घ्यायचे. खर्च शून्य. आणि हे शास्त्रशुद्धच आहे बरं का, तुम्ही म्हणता ते शास्त्र हेच.

म्हणून तुमच्या प्रश्नातल्या एका गोष्टीवर मला तुम्हाला थांबवायचंय. तुम्ही धरून चालला आहात की कुठेतरी एक बरोबर कोर्स, एक बरोबर पुस्तक आहे, ते तुमच्याकडे नाही म्हणून मुलं मागे पडतायत. मला वाटतं आधी प्रश्न हवा, मग साधन. "लांब उडीत माझा मुलगा बोर्डाआधी बारीक पावलं टाकतो, काय करू" हा प्रश्न असेल तर त्याचं उत्तर शोधता येतं, विचारता येतं, सापडलेलं उत्तर बरोबर की चूक हे पंधरा दिवसांत मैदानावर कळतं. "मला ॲथलेटिक्स शिकायचंय" असं म्हणून दुकानात गेलं की दुकानदार जे देईल ते घ्यावं लागतं.

मी हे किंमत मोजून शिकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सिनियर कॅम्पचं शेड्युल माझ्या हाती लागलं, झेरॉक्स होती, अक्षरं पुसट झालेली, पण मला वाटलं घबाड मिळालं. त्यात बाकावरून खाली उडी मारून लगेच वर उडी मारायची असे सेट होते. पावसाळा, मैदानात चिखल, म्हणून मी ते शाळेच्या व्हरांड्यात घेतलं, सिमेंटच्या फरशीवर. तिसऱ्या आठवड्यात एक तेरा वर्षांचा मुलगा पायरीवर बसून गुडघ्याच्या खाली हात चोळत होता. मी अंगठ्याने दाबून बघितलं तर त्याने पाय झटक्यात मागे ओढला आणि डोळ्यांत पाणी आलं. गुडघ्याच्या वाटीखाली जिथे स्नायूची दोरी हाडाला चिकटते तिथे टेंगूळ आलं होतं, वाढीच्या वयात तिथलं हाड कच्चं असतं. तो पुढे खेळायला आलाच नाही. शेड्युल चुकीचं नव्हतं, ते बावीस वर्षांच्या, पाच-सहा वर्षं वजनं मारलेल्या माणसासाठी होतं आणि त्या झेरॉक्सवर तसं कुठे लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्यासमोर काहीही आलं, व्हिडिओ असो, पुस्तक असो, पीडीएफ असो, मी आधी हेच बघतो की हे कुणासाठी आहे ते यात सांगितलंय का. वय किती, किती वर्षं सराव झालेला. ते नसेल तर बाजूला. मग बघतो विश्रांती सांगितलीय का. यूट्यूबवरचं सगळ्यात मोठं न्यून हे आहे, ड्रिल दिसतं, दोन रिपिटेशनच्या मधले मिनिट कापून टाकलेले असतात कारण ते बघायला कंटाळवाणे. आणि वेग वाढवायचा तर खरं काम त्या मिनिटांमुळेच होतं. पूर्ण जोरात पळायचं असेल तर दर १० मीटरला साधारण एक मिनिट विश्रांती हा जुना ठोकताळा आहे, म्हणजे ३० मीटर पळाला की तीन मिनिटं. आपल्याकडे काय करतात, शंभर मीटरच्या दहा मारा, चालत या, परत मारा. पोरं घामाघूम होतात, सरांना समाधान वाटतं, आणि वेग एका पैशाने वाढत नाही, कारण चौथ्या धावेपासून कुणी जोरात पळतच नसतं. तिसरं, जमलं नाही तर काय करायचं, सोपं कसं करायचं, हे त्यात आहे का. ज्याने खरोखर पोरांना शिकवलंय तो माणूस हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

नॉर्वेच्या प्लॅनला ही चाळणी लावून बघा. तिथले धावपटू इंगेब्रिग्टसेन भाऊ वगैरे जे करतात त्यात एकाच दिवशी सकाळ-संध्याकाळ दोनदा थ्रेशोल्डचा, म्हणजे फार दमायच्या जरा अलीकडच्या वेगाने पळायचा, सराव असतो आणि मध्येमध्ये बोटातून किंवा कानातून रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेट, म्हणजे जोरात पळताना रक्तात वाढणारा घटक, मोजतात, मोजमाप वर गेलं की वेग कमी करतात. सगळी गोम त्या आवरून पळण्यात आहे. ते मोजण्याचं यंत्र काढून टाकलं आणि नुसतं दिवसातून दोनदा पळायचं ठेवलं तर उरतं काय? त्या वडिलांना मात्र तोडून बोलू नका. माणूस रात्री बसून मुलासाठी शोधतोय, असा पालक तुम्हाला हवाच आहे. त्यांना स्टॉपवॉच द्या, स्प्लिट म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळा घ्यायला उभे करा, आणि सांगा की यातला एक धडा आपण आजच घेऊ, सोप्या दिवशी पोरांनी गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने पळायचं. बोलता येईना म्हणजे वेग जास्त झाला. रक्त न काढता एवढं कळतं.

यूट्यूब वाईट आहे असं मी म्हणणार नाही. केनियाचा ज्युलियस येगो भालाफेक यूट्यूब बघून शिकला, आणि २०१५ ला बीजिंगमध्ये ९२.७२ मीटर टाकून वर्ल्ड चॅम्पियन झाला. ही गोष्ट सगळे सांगतात, पण त्याच्या मधला भाग गाळतात, की तो फिनलंडला कुओर्तानेला जाऊन कोचच्या हाताखाली राहिला होता. व्हिडिओने त्याला दारापर्यंत आणलं, पुढे "तुझं कोपर खाली पडतंय" हे सांगायला शेजारी माणूस लागला. तेव्हा तुम्ही व्हिडिओ बघा, पण त्याहून जास्त आपल्या पोरांचे काढा. मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून कमरेच्या उंचीवर, लांब उडीच्या टेकऑफ बोर्डच्या बरोबर बाजूला, दहा-बारा पावलांवर ठेवायचा, स्लो मोशन लावायचं. शेवटची दोन पावलं बघा, बोर्डावर पाय कुठला भाग आधी टेकवतो ते बघा, नजर कुठे आहे ते बघा. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, तीन सांगितल्या की पोरगं धावायचंच विसरतं.

आता पैशाचं. साडेअठरा हजारांच्या त्या ऑनलाइन कोर्सचं नाव तुम्ही कळवलं नाहीत ते बरंच केलंत, पण कुठल्याही अशा कोर्सवाल्याला आधी फोन करून विचारा, सर्टिफिकेट कोण देतं, ते कुठे चालतं, शिकवणाऱ्याने चौदा वर्षांची मुलं कधी शिकवलीत का, आणि त्यातली किती मुलं वीसाव्या वर्षी खेळत होती. शेवटच्या प्रश्नावर जो गडबडतो त्याला पैसे देऊ नका. त्यापेक्षा वर्ल्ड ॲथलेटिक्सचं किड्स ॲथलेटिक्सचं साहित्य फुकट मिळतं, इंग्रजीत आहे पण चित्रांवरून कळतं. त्यात पोरांना गटाने खेळवायचं असतं, स्प्रिंट, अडथळे, वळणं, कोलांटी असं सगळं एकत्र करून रिले, जागेवरून बेडूकउड्या, गुडघ्यावर बसून मेडिसिन बॉल म्हणजे सरावाचा जड चेंडू फेकणं, आणि गुण पूर्ण टीमचे. तुम्ही खो-खो खेळलात ना, मग हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. खो-खोतली बसल्या जागेवरून उठायची चपळाई, खांबाला वळसा घालताना शरीर झुकवणं, लंगडीतला एका पायावरचा तोल, हे सगळं धावण्या-उडण्याचंच शिक्षण आहे, आपल्याकडे ते आधीपासून आहे. स्वतःला ॲथलेटिक्स येत नाही असं म्हणू नका. पाचवी ते सातवीच्या पोरांना तर आठवड्यात दोन दिवस एवढंच पुरतं.

मोठ्या मुलांसाठी म्हणाल तर भारतीय ॲथलेटिक्स फेडरेशनचे पायाभूत कोर्स असतात, त्याची जिल्हा संघटनेकडे चौकशी करा. आणि पतियाळा. १९६१ पासून ती संस्था कोच घडवतेय, सहा आठवड्यांचा कोर्स करायचं तुमच्या मनात आलंय तर जरूर करा, पात्रता आणि फी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचा, आणि घरातली सोय आधी लावा कारण सहा आठवडे थोडेथोडके नाहीत. मला या कोर्सचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो नोट्सचा नाही, तिथे तुमच्यासारखेच वीस-तीस जण भेटतात, तुम्ही स्वतः अडथळ्यावरून जाता, स्वतः गोळा टाकता, अंगाला कळतं. परत आल्यावर अडलं की फोन करायला दोन माणसं होतात. पण यंदा जायलाच हवं असं काही नाही.

यंदाचे पैसे मी असे घातले असते. पन्नास मीटरची चांगली टेप, लॅप साठवणारी दोन स्टॉपवॉच, दोन-तीन वजनांचे मेडिसिन बॉल आणि वयाला बरोबर गोळे. गोळ्याचं मुद्दाम सांगतो, खूप शाळांत एकच गोळा असतो आणि तो सगळ्यांना. सतरा-अठराच्या आतल्या मुलांना ५ किलो आणि मुलींना ३ किलो पुरतो, पण गावात पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं ७.२६० चा आणतात आणि आपली नववीतली पोरं तोच उचलून बघतात, मग पाठ धरते आणि गोळा मानेपासून सुटून चेंडूसारखा फेकायची सवय लागते ती जात नाही. भरतीच्या मुलांना हाकलू नका, त्यांचं १६०० मीटरचं टायमिंग हा त्यांच्या घरच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, फक्त वेळ आणि गोळा दोन्ही वेगळे ठेवा. उड्यांसाठी गादी नाही म्हणून अडू नका, वाळूचा पिट फावड्याने खणून मऊ ठेवला तरी लांब उडीचं काम होतं. उंच उडीला मात्र खाली पडायला नीट काहीतरी हवंच. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे सुरुवातीला मक्याच्या भुशावर पडायचा, आणि २०२५ च्या टोकियो वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये २.२८ मीटर मारून सहावा आला. भुसा होता हे महत्त्वाचं आहेच, पण कुणीतरी खपून तो भुसा गोळा करून रचला होता हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

उरलेल्या पैशातून चार-पाच मुलांना घेऊन बालेवाडीला एखादी राज्य स्पर्धा बघून या. स्टँडमध्ये बसू नका, वॉर्मअप ग्राउंडच्या कुंपणाशी उभ्या राहा. चांगले कोच रेसच्या आधीच्या चाळीस मिनिटांत काय करतात, किती कमी बोलतात, हे बघण्यासारखं असतं. कुणी मोकळे दिसले तर तुमचा तो एकच नेमका प्रश्न विचारा. आपल्याकडची कोच मंडळी अशा प्रश्नाला सहसा नाही म्हणत नाहीत, मी तरी कधी रिकाम्या हाताने परतलो नाही.

इंग्रजी पुस्तकांचा धसका वाटतो असं तुमच्या लिहिण्यातून मला जाणवलं, मलाही वाटायचा. तालुक्यातले चार क्रीडाशिक्षक मिळून एकच पुस्तक घ्या, महिन्याला एक प्रकरण, ज्याच्या वाट्याला ते येईल त्याने मराठीत दोन पानं लिहून ग्रुपवर टाकायची आणि मैदानावर करून दाखवायचं. शर्यतीत एकमेकांविरुद्ध पोरं उतरवतो म्हणून शिकायचं वेगवेगळं, हे आपल्याकडे फार आहे आणि त्याने नुकसान पोरांचंच होतं.

आणि एक दोनशेपानी वही. न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात कामाला होता, कोचिंगची पदवी वगैरे काही नाही, वर्षानुवर्षं स्वतःच्या अंगावर प्रयोग केले, किती पळालो की काय होतं ते बघत राहिला, मग गल्लीतल्या पोरांना शिकवलं. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हालबर्गने ५००० मीटरचं गोल्ड घेतलं, एकाच दिवशी. तुमच्या वहीत प्रत्येक मुलाचं एक पान. तारीख, काय केलं, टायमिंग, आणि त्याने सांगितलेलं एक वाक्य, झोप झाली नाही, काल भात लावायला गेलो होतो, पोटरी दुखतेय, परीक्षा आहे. चार महिन्यांनी ही वही वाचली की कुठल्या मुलाला कशाने फरक पडतो हे तुम्हाला दिसायला लागेल, ते जगात दुसऱ्या कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही.

मुख्याध्यापकांच्या मेडलचं काय? सरांना दोन नावं सांगा. ललिता बाबर, माणमधल्या मोहीची, लांब पल्ल्याची धावपटू, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तीनदा पहिली आली, स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या ३००० मीटर शर्यतीकडे, वळली ती त्यानंतर, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या फायनलमध्ये पळाली. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसला लागला तो सैन्यात गेल्यावर, आणि २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीग स्पर्धेत ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. दोघांचंही खरं धावणं शाळा संपल्यावर फुललं. सरांना मेडल नको असं सांगू नका, मेडल त्यांनाही शाळेसाठीच हवंय, अनुदानापासून प्रवेशांपर्यंत सगळं त्यांना बघावं लागतं. फक्त म्हणा की जिल्ह्याला मी सहा पोरं उतरवते आणि प्रत्येकाचा स्वतःचा मागचा आकडा सुधारून दाखवते, वही तुमच्या टेबलावर ठेवते. माझ्या एका मुख्याध्यापकांनी असंच ऐकून घेतलं होतं आणि पुढे तेच दर सोमवारी वही मागून घ्यायला लागले.

त्या मुलीला तोपर्यंत ८०० ची टाइम ट्रायल लावू नका, हलकं पळू दे, तिची मैत्रीण सोबत असू दे. हिमोग्लोबिनचा आकडा आला की मला कळवा, तिची गेल्या वर्षभरातली उंची पण लिहा, मग तिच्या पुढच्या बारा आठवड्यांचं आपण दोघं मिळून बसवू.